धुतलेली बाजू

मी भित्री नाही. स्वयंपाकघरात पाल निघाली की घरातली बाकीची तिघं पाय वर घेऊन बसतात आणि झाडू माझ्या हातात येतो. फ्यूज उडाला, गॅसचा वास आला, कुणाचा तरी कुत्रा जिन्यात आडवा पडला, की हाक मलाच. असं असूनही त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या मनात जी धडकी भरली, ती अजून अधूनमधून भरते, आणि नेमकी भांडी घासताना भरते. म्हणून आधी भांड्यांचं सांगते. कंटाळा आला तर येऊ दे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भांडी घासायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या ओट्यापाशी येऊन उभं राहावं. चार माणसांच्या जेवणाची भांडी मी सोळा मिनिटांत उरकते आणि तेवढ्यात नळ फक्त दोनदा सोडते. आधी सगळं खरकटं एका ताटलीत निपटून घ्यायचं. करपलेलं पातेलं असेल तर त्यात गरम पाणी ओतून ते बाजूला सारायचं, ते आपलं आपण सुटत बसतं. एका टबात साबणाचं कढत पाणी, दुसऱ्यात साधं. काचेचे ग्लास पहिले, कारण तेव्हा पाणी स्वच्छ असतं. मग चमचे, मग ताटल्या, आणि तेलकट कढई सगळ्यांत शेवटी. सुरी टबात टाकायची नाही, फेसात दिसत नाही आणि बोट कापतं. नळ भसाभसा सोडून एकेक चमचा धुणारी माणसं मला बघवत नाहीत. माझा मुलगा तसाच धुतो, म्हणून त्याला मी सिंकपाशी फिरकू देत नाही.

आणि बाजू. सिंकच्या डावीकडे खरकटी बाजू, उजवीकडे धुतलेली बाजू. भांडं डावीकडून येतं, मध्ये घासलं जातं, उजवीकडे जाऊन निथळतं. मागं फिरायचं नाही. आमच्या घरात डावीकडे ठेवलेलं म्हणजे हात लावायचा नाही, आणि उजवीकडचं म्हणजे डोळे मिटून घ्यावं, हे तीस वर्षं ठरलेलं होतं. कुणाला सांगावंही लागत नसे.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी सून. घरात सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव दादांनी पाडलं. दादा माझे सासरे, वय वर्षं ब्याऐंशी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू बसवायचे, आणि आता त्याच हातांना इतका कंप सुटतो की शर्टाचं बटण लावून द्यावं लागतं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा तेव्हा शिकत होता. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, तीही दादांनीच शब्द टाकून मिळवून दिली. ते पहिलं वर्ष मी भांडी घासायची आणि दादा शेजारी उभे राहून पुसायचे. बोलायचं काही नाही. त्यांचा मुलगा गेला होता, माझा नवरा गेला होता, बोलणार काय? नुसती एकेक ताटली हातात घ्यायची, पुसायची, ठेवायची. त्या वर्षात माझं डोकं ठिकाणावर राहिलं ते त्या पुसण्यामुळे. हा माणूस माझा कोण, ते एवढ्यावरून समजून घ्या.

तर धाकटी डावखुरी. घासणी तिच्या डाव्या हातात, त्यामुळे भांडं उजवीकडून उचलणार आणि धुऊन डावीकडे ठेवणार. माझ्या बरोबर उलट. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "आई, मला त्या बाजूनं जमतच नाही हो, हातात हात अडकतो." मी म्हटलं, "सवय कर." पण मुलगा मध्ये पडला आणि त्यानं तह घडवून आणला. सकाळची भांडी माझी, माझ्या बाजूनं. संध्याकाळची तिची, तिच्या बाजूनं. सगळी पुसून कपाटात गेल्याशिवाय कुणी झोपायचं नाही, म्हणजे सकाळी ओटा कोरा. दोन महिने हे सुरळीत चाललं. मी मात्र आतून धुमसत होते, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी मी उठले, दूध तापवून ओतून घेतलं, आणि खरकटं पातेलं नेहमीप्रमाणे डावीकडे ठेवायला गेले. तिथं धाकटीचे आदल्या दिवशीचे धुतलेले ग्लास तसेच होते, पुसायचे राहून गेले होते. पातेलं त्यांच्यावर आदळलं, एक ग्लास फुटला, उरलेल्यांवर तळाचं दूध. एवढंच झालं. ग्लासच तो, त्याचं काय एवढं? पण माझं तोंड सुटलं. धाकटी धावत आली तेव्हा मी म्हटलं, "उलट्या हाताचं सगळंच उलटं. तुझ्या आईनं तुला काही शिकवून पाठवलं की नाही?"

तिची आई गेल्या वर्षीच गेली होती. मला ते माहीत होतं. बोलून झाल्यावर आठवलं असंही नाही, बोलताना माहीत होतं.

धाकटीनं काचा गोळा केल्या, माझ्या हातातून घासणी घेतली आणि म्हणाली, "आज मी घासते." सगळी भांडी घासली, तिच्या बाजूनं, डावीकडे मांडून ठेवली, पुसून कपाटात लावली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ आत पाण्याचा आवाज येत होता. ती रडतेय हे मला कळत होतं. मी बाहेर उभी राहून वेणी घातली.

आता दादांच्या मगाचं. जाड पांढरा मग, त्याचा कान असा मोठा की दादांची चारही बोटं आत जातात. तो एकच त्यांना धरता येतो, म्हणून सकाळचा चहाही त्यातच आणि अकराच्या गोळीचं पाणीही त्यातच. चहानं त्याला आतून तपकिरी थर चढतो. पंधरा दिवसांनी एकदा मी त्यात कपड्यांचं ब्लीच घालते, दोन झाकणं, वरून पाणी. अर्धा तास ठेवलं की न घासता मग पांढराशुभ्र निघतो. वास नको म्हणून वर बशी झाकते. मग तीन पाण्यांनी विसळायचा, पिण्याचं पाणी भरायचं, परत बशी झाकायची आणि दुकानात जाण्याआधी दादांच्या उशाशी नेऊन ठेवायचा. अकरा वाजता धाकटी त्यांना गोळी देते. ती घरूनच हिशेबनिसाचं काम करते.

त्या सकाळी मी मगात ब्लीच घातलं, पाणी घातलं, बशी झाकली आणि मग डावीकडे ठेवला. माझ्या हाताला ती खरकटी बाजू. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ एकच, हात लावू नका. पण ओटा सकाळपासून धाकटीच्या हाताखालून गेला होता. तिच्या लेखी डावी बाजू म्हणजे धुतलेली. हे मला तेव्हा सुचलंच नाही, मी रागात होते. आमचा अबोला सुरू झाला होता, आणि अबोल्यात माणूस 'मगाला हात लावू नकोस' एवढंसुद्धा सांगत नाही. साडेनऊला मी चपला घातल्या, दार ओढलं आणि निघाले. तो मग विसळायचा राहिला.

अकराला पाच कमी होते. मी दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होते, चिमट्यात स्क्रू, त्यामुळे फोन खांद्याला दाबून घेतला. धाकटी होती. आवाज बसलेला, पण अबोला सोडून तिनंच फोन केला होता. "आई, दादांना गोळी दिली. तुम्ही पाणी उशाशी ठेवायचं विसरलात ना? पण ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं, तेच दिलं."

मी विचारलं, "ओट्यावर कुठं?"

"धुतलेल्या बाजूला," ती म्हणाली.

एवढा वेळ मला काही वाटलं नाही. धुतलेली बाजू म्हणजे उजवी, उजवीकडे मी काय ठेवलं होतं, असा विचार करत होते. मग एकदम लक्षात आलं की बोलतेय कोण. चिमटा हातातून पडला. कानांत इतका दडा बसला की माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, "धाकटे, ते पाणी नव्हतं. ते ब्लीच आहे. किती प्यायले ते?"

फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला आणि मग तिच्या पळण्याचा. फोन चालूच होता. मला लांबून ऐकू येत होतं. दादांचा खोकला, एकसारखा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. धाकटीचं "दादा, दादा, तोंड उघडा." आणि मग ती स्वतःशीच बोलत स्वयंपाकघराकडे गेली, "मीठ, मिठाचं पाणी, उलटी व्हायला हवी."

त्या ब्लीचच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला पाठ आहे. पोटात गेल्यास उलटी काढू नये. जाताना जेवढं जाळतं, तेवढंच येताना जाळतं. मी फोनमध्ये ओरडत होते, "मीठ नको, धाकटे, मीठ देऊ नकोस." दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती. पण फोन पडला होता बाहेरच्या खोलीत आणि ती होती स्वयंपाकघरात, माझं ऐकायला तिथं कुणीच नव्हतं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला आला.

आमच्या इमारतीच्या खाली औषधांचं दुकान आहे. त्या औषधवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, पण तो फोन तोडायचा धीर होईना, कारण दादांचा खोकला तेवढ्यातूनच येत होता आणि तो येतोय तोवर ते आहेत. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी काही न विचारता स्वतःचा फोन पुढे केला. मी नंबर वाचून दाखवला, त्यांनी लावला. मी औषधवाल्याला म्हटलं, "वर आमच्या घरी पळा. दादा ब्लीच प्यायलेत. सून मिठाचं पाणी पाजतेय, तिला थांबवा." तो माणूस एरवी एक गोळी द्यायला दहा मिनिटं लावतो. त्या दिवशी त्यानं 'हो'सुद्धा म्हटलं नाही, फोन तसाच टाकून पळाला.

मालकांनी स्कूटर काढली. मी मागं बसले. चालत बारा मिनिटांचा रस्ता, स्कूटरनं चार. त्या चार मिनिटांत माझ्या कानाला लावलेल्या फोनमधला खोकला थांबला. नुसता थांबला, पुढे काहीच नाही. रस्त्यात सिग्नल लागला. समोरून शाळेची मुलं रांगेनं जात होती, बाई त्यांना सावकाश नेत होत्या. मी देवाला काही बोलले नाही, मला काही सुचलंच नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. दोन झाकणं घातली की तीन? तो मग फार डागाळलेला होता. मी सकाळी रागात बाटली कलंडवली होती, मोजली नव्हती. दोन म्हणतेय ती सवयीनं म्हणतेय.

जिना कसा चढले माहीत नाही. दार सताड उघडं होतं. दादा पलंगाच्या कडेला बसले होते, औषधवाल्यानं त्यांना पाठीमागून धरलं होतं. ओठ लालबुंद, हनुवटीवरून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. खोकला थांबला होता, पण श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. जिवंत होते. समोर जमिनीवर धाकटी बसली होती, हातात ग्लास. मी तिला विचारलं, "पाजलंस?" ती मान हलवत राहिली. औषधवाला म्हणाला, "नाही पाजलं. ग्लास ओठांना लावला होता, मी हात धरला. साधं पाणी घोटघोट दिलंय. आता इथं थांबू नका, छातीत गेलंय का ते बघायला हवं. आणि ती बाटली बरोबर घ्या."

दादांच्या उशाशी तो पांढरा मग होता. त्यात तळाला दोन बोटं पाणी राहिलं होतं. बाकी सगळं गेलं होतं.

टॅक्सीत दादा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो कंप त्यांचा की माझा ते कळत नव्हतं. धाकटी सारखी एकच वाक्य म्हणत होती, "मला वासच आला नाही, आई. नाक चोंदलं होतं. मला वासच आला नाही." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. नाक कशानं चोंदलं होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी दादांना चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं आणि पडदा ओढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी बाटली हातात घेऊन वाचली आणि विचारलं, "किती प्रमाणात होतं? आणि हे त्यांना दिलं कुणी?"

"मी," धाकटी म्हणाली.

मी गप्प बसले. एवढं सांगितलं, तर हेही सांगते. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या, आणि मी त्यांना लिहू देत होते. मनात आलं, हातानं दिलं तिनंच ना? आयुष्यभर कुणी विचारलं तर सुनेनं दिलं असंच म्हणता येईल. दादांना काही झालं तर लोक माझ्याकडे बघणार नाहीत. दोन श्वास मी असा विचार केला. पालीला न घाबरणारी मी, त्या कागदाला घाबरले होते.

मग मी म्हटलं, "तिनं पाणी समजून दिलं. मगात ब्लीच मी भरलं होतं. पिण्याच्या मगात. सांगितलं मी कुणालाच नाही. आणि झाकणं मी मोजली नाहीत, दोन असतील, तीन असतील."

डॉक्टरीणबाईंनी आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही.

मग बसणं. लांबलचक बाक, समोर पडदा, पडद्याखालून नर्सच्या पांढऱ्या चपला इकडून तिकडे जाताना दिसायच्या. चपला भरभर गेल्या की माझ्या छातीत धस्स व्हायचं. सावकाश गेल्या की त्याहून जास्त, कारण घाई करण्यासारखं आता काही उरलं नाही, असा मी अर्थ लावायची. साडेबाराला मुलगा आला. धाकटी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला रडू येत नव्हतं. दादा गेले तर घरी जाऊन त्या ओट्यापुढं मी कशी उभी राहणार, हे मला दिसत होतं. भांडं म्हटलं की आता जन्मभर हेच. मुलानं मला विचारलं, "आई, पाणी आणू?" पाणी हा शब्द ऐकून मला मळमळलं.

दोनला एकदा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "तोंड आणि घसा भाजलाय. छातीचा फोटो काढलाय, ऑक्सिजन लावलाय. वय आहे, त्यामुळे मी आत्ताच काही बोलत नाही." आत्ताच बोलत नाही म्हणजे काय, हे विचारायची छाती झाली नाही. मुलानंही विचारलं नाही. आम्ही तिघं परत बाकावर बसलो.

साडेचारला त्या पुन्हा आल्या आणि या वेळी खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. मला वाटलं संपलं. बसून सांगायची गोष्ट चांगली नसते. पण त्या म्हणाल्या, "निभावलं. पाणी बरंच होतं त्यात, म्हणून. फुप्फुसं स्वच्छ दिसताहेत. घसा आठवडाभर दुखेल. दोन दिवस इथं ठेवू या, मग घरी न्या."

मुलगा म्हणाला, "जीव भांड्यात पडला." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम हसला, धाकटीही रडता रडता हसली. मीही हसले. आमचं हसू त्या जागी शोभत नव्हतं, पलीकडचे लोक बघायला लागले. धाकटीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो कधी आला मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईबद्दल बोलले ते बोलायला नको होतं. माझी जीभ झडो." ती म्हणाली, "असं बोलू नका, आई." पण 'असू द्या' म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग आम्हाला आत सोडलं. दादा उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, ओठांना मलम. मला बघून त्यांनी हात किंचित उचलला. डॉक्टरीणबाई त्यांची नाडी बघत होत्या. सहज बोलाव्या तशा म्हणाल्या, "आजोबा, एक सांगा. ह्याला एवढा उग्र वास असतो. तुम्हाला आला नाही?"

"आला," दादा म्हणाले. आवाज नुसता खरखरत होता.

"आणि चव?"

"जिभेला चरचरलं."

"मग थांबला का नाहीत? पहिल्याच घोटाला थुंकून टाकायचं. तुम्ही जवळजवळ सगळा मग संपवलात."

दादांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग नजर वळवून डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. किती वाजले ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "हिनं झाकून ठेवलं होतं. हिनं ठेवलेलं टाकलं की ही रागावते."

डॉक्टरीणबाईंना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्या हसून पुढच्या पलंगाकडे गेल्या. मुलगा बाहेर फोनवर होता. धाकटी खाली बघत होती.

मला आठवायला वेळ लागला, हेच वाईट. महिन्याभरापूर्वी दादा म्हणाले होते की पाण्याला साबणासारखा वास येतोय. मी घाईत होते. मी म्हटलं होतं, "माझ्या हातची भांडी चालत नसतील तर स्वतः घासून घ्या." त्या हातांच्या माणसाला मी असं म्हटलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत विसरलेही होते. त्यानंतर घरात त्यांनी कशाला नाव ठेवलं नाही. चहा गार असो, भाजीत मीठ जास्त असो, मुकाट्यानं संपवायचे. मी चारचौघांत कौतुकानं सांगायची, दादांची काही कटकटच नसते.

सकाळपासून मी त्यांच्यासाठी घाबरले होते. ते मला किती दिवस घाबरत होते, ते मला ठाऊक नव्हतं. ब्लीचचा वास नाकात जातोय, जीभ चरचरतेय, आणि हा माणूस पलंगावर एकटा बसून घोट घोट करत संपवतोय, कारण उरलेलं पाणी मला दिसलं तर मी बोलेन. सिग्नलला उभी असताना मला जेवढं भ्यायला झालं नव्हतं, तेवढं त्या क्षणी झालं. या भीतीपासून पळून जायला जागा नव्हती, ती माझीच होती.

नर्स आली. ग्लासात थोडं पाणी घेऊन आली होती, दादांच्या हाताला स्वतःचा हात लावून तिनं ग्लास धरला. "दोनच घोट घ्या, आजोबा. गिळताना दुखेल. जबरदस्ती नाही."

दादांनी एक घोट घेतला. चेहरा कळवळला, डोळे मिटले. दुसरा घेतला. मग ग्लास ओठांपासून जरा लांब केला, आणि नर्सकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मी जवळ गेले. जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "दादा, नको असेल तर राहू द्या. टाकून देते मी. खरंच सांगते, काही बिघडत नाही."

त्यांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. मग माझ्यावरची नजर न काढता ग्लास परत तोंडाला लावला आणि थांबत थांबत, घशातून आवाज येत असतानाही, सगळं पाणी संपवलं.